दारापासून मशीनपर्यंतची वायर

८ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच. ते पाकिटात मावत नाहीत म्हणून लिहवून घेत नाही.

अक्षर ओळखलंस ना? बरोबर. तुझ्या बापाचंच आहे. मला लिहिता येत नाही, तुझी आई आता नाही, आणि खालची औषधवाली डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून स्वतःही तशीच गिचमिड करायला लागली आहे. तिच्या हातचं पत्र तुला पोचलं असतं, कळलं नसतं. राहता राहिला हा. मी त्याला म्हटलं, "डोकं माझं, तोंड माझं, तू नुसता हात." तर म्हणतो, "बरं." तू गेल्यापासून ज्याने तुझ्या नावाने एक अक्षर काढलं नाही, तो आता कसा मान खाली घालून लिहितो आहे बघ. हेसुद्धा लिही म्हणून सांगितलं आहे. लिहिलं असेल. मला काय, कागद निळा झाला म्हणजे लिहिलं.

फोन का नाही म्हणशील. फोनवर तू "हो", "नाही", "बरी आहे" आणि "ठेवते" याच्या पलीकडे जात नाहीस. कागदावर "ठेवते" म्हणून पळता येत नाही.

तर झालं असं. कपाटावरची धूळ झटकायला तुझ्या बापाला स्टुलावर चढवला, आणि वरून तुझा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्याने तो उघडला नाही आणि टाकलाही नाही. माझ्या पलंगावर ठेवला, मशीनवर जाऊन बसला आणि कुणाच्या तरी पॅंटचा खिसा असा दणादण शिवला, की त्या पॅंटने बिचारीने याचं काय घोडं मारलं होतं.

मी उघडला डबा. सगळं तसंच आहे. भोकाभोकांची पांढरी पाटी. वायरींचं गुंतवळ. ते निळं कार्ड, ज्याच्या मधोमध पुष्कळ पायांचा काळा मुंगळा चिकटलेला आहे. दोन पायांचे काजवे, म्हणजे ते इवले दिवे. आणि तांदळाएवढे ते, अंगावर रंगीत पट्टे असलेले, पट्टेवाले. खरी नावं तू तेव्हा सांगितली होतीस, पण ती मला तोंडात घोळवता आली नाहीत, म्हणून मी माझी ठेवली.

याच डब्यापायी तुमचं वाजलं, ते काही मी विसरले नाही. तू त्याच्या मशीनचं पायाखालचं पेडल उघडून बसलीस, वेग कमीजास्त कसा होतो ते बघायला, आणि शाळेचे गणवेश वेळेवर गेले नाहीत. तो म्हणाला, "या घरात एक तर सुई चालेल, नाहीतर हे." तू म्हणालीस, "मग हे." आणि तरातरा निघालीस, तर डबा इथेच. एवढं ठासून बोलायचं आणि नेमकं सामान विसरायचं, हा गुण कुणाकडून आला ते मी सांगत नाही. लिहिणाऱ्याला माहीत आहे.

आता माझं काम ऐक. मला हे शिकव. हसू नकोस. मोतीबिंदू काढल्यापासून मला सुईचं नाकंसुद्धा दिसतं, हात अजून थरथरत नाहीत आणि दुपार फार मोठी असते. तुझा जुना लॅपटॉप आहे. वाचायला आणि बटणं दाबायला माणूस आहे. सोप्यापासून सुरू कर आणि एकेक पायरी पाठव. तुला "कशी आहेस" विचारलं तर एक ओळ येते, आणि "हे कसं करायचं" विचारलं तर पानंच्या पानं. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. मला पानंच्या पानं हवी आहेत.

तुझी आजी
(हात दुसऱ्याचा)

३ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र आलं. जाडजूड आलं! तुझ्या बापाने वाचून दाखवलं, बातम्या वाचतात तसं, कुठे जीव म्हणून न लावता. संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. मी म्हटलं, "अरे, मला समजलं." तर म्हणाला, "मला नाही समजलं."

काजवा लागला. सहजासहजी नाही लागला. मी म्हणत होते की आखूड पाय मुंगळ्याकडे आणि लांब पाय दुसरीकडे. तसं खोचलं, तर ढिम्म. मग उलटं खोचलं. (लांब पायच मुंगळ्याकडे. मी आधीपासून सांगत होतो.) मी इतकं थोडकं सांगितलं आणि पेन एवढा वेळ कुरकुरत का होतं, देव जाणे. वाचता येत नसलं तरी पेन किती चाललं ते मला ऐकू येतं बरं.

तुझ्या त्या परक्या अक्षरांतल्या ओळी त्याने लॅपटॉपवर एकेक करून टिपल्या. ज्या बोटाने कापडावर खडू धरतो त्याच बोटाने. सगळं झाल्यावर लॅपटॉपने लाल लाल ओळी काढून आरडाओरडा केला. हा कपाळाला आठ्या घालून बसला. तुझ्या पत्राशी ओळ न् ओळ जुळवली. मग एकदम म्हणतो, "आई, प्रत्येक ओळीच्या शेवटी ते टिंब आणि शेपटी आहे बघ. मी ते सोडूनच दिलं. शिवण संपली की गाठ नको का मारायला? ती गाठ आहे." आणि बसून सगळ्या ओळींना गाठी मारल्या. तुला हे त्याने कधी सांगितलं नसतं, म्हणून मी सांगते: तेव्हा त्याच्या तोंडावर जे होतं, ते मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग काजवा लागला. मग विझला. मग लागला. आम्ही दोघं बघत बसलो. एक गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला आलं. म्हणालं, "काय चाललंय?"

मी म्हटलं, "लागतोय."

"बरं. मग?"

"मग विझतोय."

ते गिऱ्हाईक थोडा वेळ उभं राहिलं आणि मग तेही बघायला लागलं. माप घ्यायचं राहूनच गेलं.

एक सांगू? काजवा विझलेला असतो ना, तेव्हाही नजर हलवावीशी वाटत नाही, कारण आता लागणार हे माहीत असतं. तुझं तसं नाही. तू नुसतीच विझलेली आहेस आणि आम्ही बघतो आहोत.

हे जास्त झालं. राहू दे, खोडू नकोस रे.

पुढची पायरी पाठव. आणि तुझ्या खोलीला खिडकी आहे का, ते लिही. खिडकीचं मला सुचलं नव्हतं. कुणाला सुचलं ते तू ओळख.

आजी

२६ फेब्रुवारी

भिंगरे,

खिडकी आहे म्हणतेस, पण समोर कारखान्याची भिंत. म्हणजे दिवसभर आत बसून मीटर तपासायचे आणि खोलीवर आलं की त्याच कारखान्याची पाठ बघायची. बरं आहे, निदान ओळखीची आहे. तुझ्या बापाने हे वाचलं आणि थोड्या वेळाने विचारलं, "ऊन येत असेल का?" मी म्हटलं, "मी काय तिथे जाऊन आले?" म्हणून तुलाच विचारते. ऊन येतं का?

तुझ्या पत्रात एक गंमत झाली आहे. आधी तू "आजी, तू असं कर" लिहायचीस. या खेपेला लिहिलंस, "बटणं दाबणाऱ्याला सांग, की घाई करू नको." त्यावर हा म्हणाला, "पाठवणारीला सांग, की अक्षर जरा मोठं काढ." तुम्ही दोघं एका रस्त्याच्या दोन कडांना उभे राहून बोलता आहात आणि मधून मी वाहनं चुकवत इकडची तिकडे करते आहे. चालू दे. माझे पाय अजून घट्ट आहेत.

आता प्रगती ऐक. बटण जमलं. दाबलं की काजवा लागतो, सोडलं की विझतो. आपोआप लागण्यापेक्षा हे मला जास्त आवडलं, कारण यात माझ्या बोटाला मान आहे. त्या जोडणीत तू एक पट्टेवाला असा बसवायला सांगितलास, की त्याचं एक टोक बटणाच्या वाटेवर आणि दुसरं नुसतं वजाची खूण असलेल्या पट्टीत. "याचं काम पुढे कळेल, आत्ता नुसता लावा," लिहिलंस. लावला. तुझ्या बापाला तो पटलेला नाही. म्हणतो, हा नुसता लोंबतोय.

मग किरकिऱ्या. तुझ्या पत्राप्रमाणे काजवा काढून त्या जागी डब्यातली ती वाजणारी काळी डबी खोचली. मी बटण दाबलं मात्र, आणि अग बाई! असा बारीक, कर्कश आवाज, की माझ्या कवळीतून कळ गेली. औषधवाली दुकान उघडं टाकून जिना चढून आली. "काकू, काय झालं? गॅस सुटला की काय?" मी कानावर हात ठेवून बसलेली आणि बोट बटणावरच, सोडायचं सुचलंच नाही.

तुझा बाप माझ्या शेजारीच होता. अगदी शेजारी, पाटीवर वाकून वायरी तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "कुठेतरी सुटलंय. वाजत नाही."

औषधवालीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग मी बोट उचललं.

हे सगळं लिहिलं ना रे? लिही. नाहीतर मी औषधवालीकडून लिहवीन आणि मग पोरगी तिकडे भिंग घेऊन बसेल.

आता पुढचं एक वाक्य मी मुद्दाम सावकाश आणि मोठ्याने सांगते आहे. अवघं एक वाक्य आहे.

लिहिलं? मान तर हलवतो आहे.

किरकिऱ्या डब्यात परत ठेवला. या घरात तो कामाचा नाही. मला यापुढे दिव्याचेच धडे पाठव.

आजी

१७ मार्च

भिंगरे,

या खेपेला तुझं पत्र न येता तुझा फोन आला, आणि "ठेवते" म्हणायच्या आधी तू विचारलंस, "आजी, किरकिऱ्या वाजला तेव्हा बाबा खरंच शेजारी होते?" मी म्हटलं, माझ्या खांद्याला खांदा लावून. 

नंतर तू जे बोललीस ते मी आता सांगणार आहे आणि हा लिहिणार आहे. याला मी अजून काही बोललेले नाही. समोरासमोर सांगितलं तर हा उठून मशीन सुरू करेल. हातात पेन असलं की उठता येत नाही. हो ना रे? लिही.

तू म्हणालीस की तू येऊन गेलीस. मागच्या वर्षी, मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते तेव्हा. मला तिथे भेटायच्या आधी तू घरी आलीस. दार लावलेलं होतं. तू दार वाजवलंस. जिन्याकडच्या खिडकीतून तुला बापाची पाठ दिसत होती, मशीनवर वाकलेली. तू पुन्हा वाजवलंस. "बाबा" म्हणून हाक मारलीस, मोठ्याने. तो शिवत राहिला. तू बराच वेळ उभी होतीस. मग जिना उतरलीस, आणि दवाखान्यात येऊन मला म्हणालीस की थेट स्टेशनवरून आलेय.

आणि त्या दिवसापासून तू धरून बसली आहेस, की त्याने ऐकलं आणि

१८ मार्च

काल पत्र तिथेच थांबलं. पेन खाली ठेवलं गेलं. तो उठला, पण मशीनवर गेला नाही. दार उघडून बाहेर गेला, बाहेरून ओढून घेतलं, आणि मला दारावर टकटक ऐकू आली. मग थोडी मोठी. मग मूठ आपटल्यासारखी. आतून मी ओरडले, "अरे, उघडंच आहे!" तो आत आला आणि खिडकीपाशी उभा राहिला, जिथून पाठ दिसते तिथे. माझ्याकडे बघून म्हणाला, "वाजत होतं?"

मी मान हलवली.

नंतर जेवणं झाली. भांडी आवरताना म्हणाला, "तिला विचार, बटणाची वायर लांब केली तर चालते का? दारापासून मशीनपर्यंत." मी म्हटलं, "तूच विचार." तर म्हणाला, "तू सांग, मी लिहितो."

म्हणून सांगते. भिंगरे, दारात कुणी उभं राहिलं की मशीनपाशी दिवा लागायला हवा. घंटा नको, दिवा. वाजवायला नको, दाबायला नको. नुसतं उभं राहिलं की पुरे. कारण येणाऱ्याला वाजवायचा धीर होईल न होईल. जमेल का तुला शिकवायला? आमच्याकडे आहे काय, तर शिंप्याचं सामान आणि तुझा डबा.

आजी

८ एप्रिल

भिंगरे,

पायपुसण्याचा धडा मिळाला. दोन चकचकीत कागद, मध्ये मऊ थर, थराला भोकं. वर पाय पडला की भोकांतून कागदाला कागद भिडतो. म्हणजे ते एक मोठं बटणच झालं. वाचून तुझा बाप पहिल्यांदा हसला. म्हणाला, "यात तिने मला काय शिकवायचं? हा तर कोटाचा खांदा आहे."

आणि खरंच कोटाच्या खांद्यात घालायचा फोम काढला, काजाच्या कात्रीने त्याला भोकं पाडली, खाली-वर स्वयंपाकघरातला चमकीचा कागद, भोवती जाड कापड. कडेने अशी टीप मारली आहे की ते पायपुसण्याखाली टाकायला जिवावर येतं. अंगावर घालून मिरवावं असं झालं आहे. वायर चौकटीवरून नेली, भिंतीच्या कडेने मशीनपर्यंत आणली आणि पांढरा काजवा सुईच्या अगदी शेजारी बसवला, नजर चुकणार नाही असा. कार्डाला फोनचा चार्जर लावून दिला. माझ्या वजनाने मस्त लागतो. तू तिकडे वाळली असशील तर दोन्ही पाय ठेव.

पण आता घोळ ऐक. दिवा आपोआप लागतो.

दारात कुणी नसताना लागतो. फडफडतो, विझतो, परत लागतो. आणि नेमका तुझा बाप शिवायला बसला की. मशीन सुरू झाली, दिवा लागला. हा पाय काढतो, उठतो, दार उघडतो. कुणी नाही. जिन्यावर वाकून बघतो. येऊन बसतो. पुन्हा मशीन, पुन्हा दिवा, पुन्हा हा दारात. एका बाहीला अख्खी सकाळ गेली. औषधवाली खालून विचारते, "काकू, यांना कुणाची वाट बघायला सांगितलंय का?"

मी म्हटलं, "अरे, तो खोटा लागतोय हे कळलं ना तुला? मग कशाला उठतोस?" तर काय म्हणाला लिही. लिही म्हणते ना. म्हणाला, "एखादा खरा असला तर?"

 

तू हुशार आहेस, तिकडे बसून शोधून काढ. मी एवढंच बघितलं आहे की भोकांच्या पाटीवर आता पट्टेवाले कमी दिसतात. विचारलं तर म्हणतो, "जास्तीचं होतं ते कापलं." तुला माहीत आहे ना त्याची सवय, कपडा हातावेगळा करताना लोंबता धागा दिसला की कात्री चाललीच.

ऊन येतं का, ते तू अजून लिहिलं नाहीस.

आजी

३० एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र काल आलं आणि तुझ्या बापाने ते उभ्याउभ्याच वाचलं. मला मोठ्याने वाचून दाखवतोय हेच मधे विसरला. मी चिमटा काढला तेव्हा पुन्हा सुरुवातीपासून.

तो कापलेला पट्टेवालाच म्हणायचा गुन्हेगार! नुसता लोंबत होता म्हणून याने छाटला, आणि त्याचं सगळं काम लोंबण्यातच होतं. तू लिहिलंस की मुंगळ्याचा पाय कुठेच बांधला नसला तर तो हवेतलं वाटेल ते ऐकतो. जवळून मशीनची मोटर फिरली तरी त्याला वाटतं दारात कुणी आलं. पट्टेवाला त्याला हळूच जमिनीला, म्हणजे त्या वजाच्या पट्टीला, बांधून ठेवतो. इतकं हळू, की खरं कुणी आलं तर त्याला कळावं आणि उगाच कुणी आल्यासारखं वाटू नये. बाई ग, एवढासा जीव आणि केवढं नाजूक काम. आपल्या घरात तसा एक असता तर बरं झालं असतं. होता म्हणा. तुझी आई तेच करायची.

आज सकाळी पट्टेवाला परत बसवला. त्यानेच बसवला, पाटीवर नाक टेकवून. मग मशीन सुरू केली. दिवा लागला नाही. वेग वाढवला. नाही लागला. मी दारात जाऊन पायपुसण्यावर उभी राहिले, लागला. उतरले, विझला. मी तिथे चढ-उतार करत राहिले आणि तो आतून हात वर करून दाखवत राहिला. औषधवाली म्हणाली, "काकू, या वयात व्यायाम?" मी म्हटलं, "नात शिकवते, घेतेय करून."

दुपारी कोटवाला आला. दार वाजवायला हात उचलला तोच तुझ्या बापाने आतून दार उघडलं. कोटवाला दचकून पायरीवरून जायचा. हे गिऱ्हाईक मागे किती वेळा दार वाजवून कपडे खाली औषधांच्या दुकानात ठेवून गेलं आहे, ते मला औषधवालीने आज सांगितलं. कापड हातात घेऊन आत येताना याची छाती बघायला हवी होतीस.

तुझ्या पत्रात शेवटी, धडा संपल्यावर, कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी होतं. वाचताना तो तिथे अडखळला. मला वाटलं गाळतोय. पण वाचलं. हळू वाचलं, पण वाचलं. "दर वेळी उठतात?"

याचं उत्तर मी देणार नाही. मी मधे मधे करून दमले. वाहनं चुकवून पाय दुखायला लागले माझे. एवढंच सांगते, की दिवा कसा करायचा ते तू शिकवलंस आणि तो झाला. पहिल्या काजव्यापासून इथवर एकेक पायरी चढत आलो, एकही गाळली नाही. आता माझ्याकडे विचारायला काही उरलेलं नाही, आणि विचारल्याशिवाय तू पानंच्या पानं लिहीत नाहीस. मग मी काय करू? दुपारी पलंगावर पडलं की इथून मशीन दिसते आणि मशीनपाशी तो काजवा. मी विझलेल्या काजव्याकडे बघत पडते. तुला मागे लिहिलं होतं ना, आता लागणार हे माहीत असलं की बघवतं. ते मला माहीत असावं, एवढंच माझं मागणं आहे.

पुरे. पत्ता नीट लिही रे. मी जरा डोळे मिटते.

आजी

आईचं सांगून संपलं. तिला वाटतं आहे मी पत्ता लिहितो आहे. पेन चाललेलं तिला ऐकू येतं, म्हणून हळू लिहितो.

फेब्रुवारीच्या पत्रात तिने सांगितलेलं एक वाक्य मी गाळलं होतं. ते असं होतं : तुझ्या बापाला ऐकू येत नाही, आणि हे तो कुणाला कळू देत नाही.

मशीनचं कळतं मला, टेबलावर हात असतो म्हणून. समोर बसून बोललेलं कळतं, ओठ दिसतात म्हणून. आई मोठ्याने बोलते ते कळतं. पाठीमागचं काही कळत नाही. तू आलीस तेव्हा माझी पाठ होती.

तू विचारलंस त्याचं उत्तर, हो. दर वेळी. पट्टेवाला परत बसवायचा होता तर कालच बसवता आला असता. आज सकाळपर्यंत ठेवला. दिवा खोटा का लागतो हे तुझ्या पत्रातून समजल्यावरही मी तीनचारदा उठून दार बघून आलो.

आता तो खोटा लागत नाही. लागला की कुणीतरी असतंच.

तेव्हा येशील तेव्हा दार वाजवू नकोस. हाकही मारू नकोस. पायपुसण्यावर उभी राहा, दोन्ही पाय ठेवून.

बाबा